चालू मॅचमध्ये जेवायला बोलावू नये

मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांवर देखरेख ठेवण्याचे वऱ्हाडात तीन मार्ग परंपरेने चालत आले आहेत: मोबाइल लपवणे, रिचार्ज न मारणे आणि बाप घरी यायची वाट पाहणे. अमरावतीत गाडगेनगरपासून बडनेऱ्यापर्यंत आणि अकोल्यात जठारपेठेपासून डाबकी रोडपर्यंत हे तिन्ही मार्ग एकाच घरात, बहुतेक एकाच दिवशी वापरले जातात. लपवायच्या जागा ठरलेल्या आहेत. कपाटाचा माथा, गव्हाची कोठी, गाद्यांची चळत आणि देवघरातल्या तसबिरीची मागची बाजू. पोट्ट्यांना त्या पाठ असतात, कारण मोबाइल येण्याआधी तिथंच बिस्किटांचे पुडे लपवले जायचे. एवढं करूनही सापडला नाही, तर आजीच्या फोनवरून एक मिस्ड कॉल दिला की गव्हाची कोठी वाजायला लागते.

रिचार्ज बंद केला तर पोरगं अचानक गच्चीच्या एका ठराविक कोपऱ्यात अभ्यासाला बसू लागतं. तिथं शेजारच्या काकूंचं वायफाय पकडतं, आणि त्या वायफायचा पासवर्ड काकूंना त्यानेच टाकून दिलेला असतो. तिसरा मार्ग सगळ्यांत भारदस्त. बाप रात्री आठला येतो, हातपाय धुतो, एकदा गरजतो आणि मग स्वतःचा मोबाइल घेऊन आडवा होतो.

तिन्ही मार्गांत पहारा असतो तो यंत्रावर. खेळाकडे कोणी पाहत नाही. पोरगं नेमकं काय खेळतं, कोणासोबत खेळतं, एक डाव किती वेळ चालतो, त्यात पैसे कुठे लागतात, यांतलं घरात कोणालाच ठाऊक नसतं. मोबाइल किती एमपी कॅमेऱ्याचा, कितीला पडला आणि त्याचे किती हप्ते बाकी आहेत, हे मात्र आजोबाही सांगू शकतात.

यावर बाहेरून येणारा पहिला सल्ला असा: मुलांना मैदानावर पाठवा. हा सल्ला ज्या गावात लिहिला जातो, तिथं मे महिन्यात दुपारी माणसं रस्त्यावर दिसत असावीत. अकोल्याचा पारा मेमध्ये ४५ अंशांवर जातो. २०२४ च्या मेअखेर तर उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. दंगल नाही, मोर्चा नाही, नुसतं ऊन, आणि त्याला जमावबंदी. विदर्भातल्या शाळाही त्याच कारणाने उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पोरगं कूलरसमोरच्या चार फूट जागेत असतं, आणि पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा एक-दोन आठवडे जास्तच असतं. त्या चार फुटांत काय काय खेळता येईल याची यादी केली तर कॅरम, पत्ते, अष्टचंगा आणि मोबाइल निघतो. पहिल्या तिघांना दुसरा माणूस जागा लागतो. दुपारी तीनला वऱ्हाडात दुसरा माणूस जागा नसतो.

मोबाइल पोराच्या हाती आला तोही सरकारी कामासाठी. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग पडद्यावर भरू लागले. कपाशीच्या किंवा तुरीच्या पैशातून, कुठं हप्त्यावर, ‘अभ्यासासाठी’ फोन घेतला गेला. पुढचं वर्ष उजाडलं, राज्यात जरा मोकळा श्वास घेतला जात होता, तेवढ्यात २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लागली. अकोल्यातही निर्बंध आले. दुसऱ्या लाटेचा मान अमरावतीला आधी मिळाला, तसा पोट्ट्यांना मोबाइलचा दुसरा हंगामही आधी मिळाला. वर्गाचा व्हिडिओ बंद, माइक म्यूट, आणि त्याच पडद्यावर दुसऱ्या खिडकीत फ्री फायर. बाईंनी नाव घेतलं की ‘नेटवर्क नाही’ एवढं टाइप करायचं. शाळा उघडल्यावर फोन परत घेतला जाईल असं ठरलं होतं. घेतला कोणी नाही, कारण तोवर त्या फोनवर घर चालू लागलं होतं.

देखरेखीच्या सगळ्या पुस्तकी योजना गडबडतात त्या याच ठिकाणी. योजनेप्रमाणे पालक जाणता आणि मूल अजाण असतं. वऱ्हाडातल्या घरात तंत्राचं सगळं खातं बारा वर्षांच्या पोराकडे असतं. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. धुऱ्यावर उभं राहून सोयाबीनचा फोटो तो काढतो. पीएम किसानचं ई-केवायसी तो करतो, विजेचं बिल तो भरतो, आबाजींच्या फोनमधला फुल झालेला स्टोरेज तो मोकळा करतो. आबाजी यूपीआयचा पिन कोणालाही सांगत नाहीत. ते फक्त तो नातवाला टाकायला लावतात. अशा घरात वर्तमानपत्रातली माहिती वाचून बापाने ठरवलं, की पोराच्या फोनवर फॅमिली लिंक बसवायचं. ते गूगलचं फुकट ॲप आहे. त्यातून रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन आपोआप कुलूपबंद होतो, नवं ॲप टाकण्याआधी पालकाची परवानगी लागते. बापाने दहा मिनिटं प्रयत्न केला आणि शेवटी हाक मारली, “इकडं ये बे, हे कसं बसवतात ते सांग.” पोराने बसवून दिलं. पालक म्हणून कोणाचं खातं नोंदलं गेलं, हे त्या घराला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

तेव्हा पहिली पायरी अशी, की पालकाचं खातं पालकानेच, स्वतःच्या हाताने, पोरगं शिकवणीला गेलं असताना उघडावं. अडलं तर पुतणीला किंवा मोबाइलच्या दुकानातल्या मुलाला विचारावं. ज्याच्यावर पहारा बसवायचा, त्यालाच पहारेकरी नेमू नये. पिन, पासवर्ड आणि बोटाचा ठसा या तिन्ही गोष्टी आबाजींनी पोराकडून परत घ्याव्यात. हे काम सगळ्यांत अवघड, कारण आबाजींना त्यात नातवावर अविश्वास दिसतो.

आता खेळाकडे. बहुतेक भांडणं वेळेवरून होतात, आणि ती खेळाच्या बांधणीतच असतात. लुडो किंवा कँडी क्रश मध्येच सोडता येतो, पुन्हा येऊन तिथूनच धरता येतो. माइनक्राफ्टमध्ये एकटं पोरगं घर बांधत असेल, तर तेही थांबवता येतं. बीजीएमआय, म्हणजे आधीच्या पबजीचा भारतीय अवतार, थांबत नाही. शंभर जण विमानातून उतरतात, सुरक्षित जागेचं वर्तुळ आक्रसत जातं, त्याला पोरं ‘झोन’ म्हणतात, आणि शेवटी उरणाऱ्याला ‘चिकन डिनर’ मिळतं, जे शाकाहारी घरांतही तितक्याच आनंदाने साजरं होतं. एक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते. फ्री फायरमध्ये पन्नास जण आणि साधारण दहा मिनिटं. दोन्हींत पॉजचं बटण नाही. मध्येच उठलं तर पोरगं तर मरतंच, सोबतचे तिघेही अडचणीत येतात, आणि ते तिघे उद्या शाळेत भेटणार असतात.

आईला यातलं काही माहीत नसतं. तिच्या लेखी तव्यावरची पोळी हेच काय ते वर्तुळ आक्रसत असतं. मग संवाद असा होतो:

“चाल बे जेवाले!”

“दोन मिनिटं थांब ना वं माय. झोन येऊन राह्यला.”

“कोन येऊन राह्यला?”

“झोन! आता उठलो त मेलो मी.”

“जेवला नाही त मी मारते तुले.”

इथं दोघंही खरं बोलत आहेत. पोराची दोन मिनिटं खरोखर अठरा असतात, कारण तो वेळ सांगत नाही, डाव सांगतो. म्हणून वेळेचा नियम मिनिटांत करण्याऐवजी मॅचमध्ये केला तर घरातली निम्मी आरडाओरड कमी होते. जेवायला साडेआठला बसायचं, तर आठनंतर नवी मॅच सुरू करायची नाही; चालू असलेली संपवून यायचं. चालू मॅचमध्ये जेवायला बोलावू नये, आणि जेवणाच्या तोंडावर मॅच लावू देऊ नये. दुसरा भाग पालकांच्या लक्षात राहत नाही, पहिला पोरांच्या चांगला राहतो.

‘लास्ट मॅच’ या कल्पनेबद्दल सावध राहावं लागतं. हरलं तर पोरगं हरून कसं उठायचं म्हणून पुढची लावतं, जिंकलं तर हात चाललाय म्हणून लावतं. पोराच्या स्वभावातच खोट आहे असं यावरून समजायचं कारण नाही. रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, सलग सात दिवस आल्याचं वेगळं बक्षीस, दर काही आठवड्यांनी नवा सीझन आणि त्याबरोबर घसरणारी रँक, हे सगळं पोरगं उठू नये म्हणूनच पगारी माणसांनी बसून रचलेलं असतं. त्यांच्यासमोर एकटी आई, तीही हातात लाटणं घेऊन. सामना समान नाही, एवढं तरी तिच्या बाजूने लिहून ठेवलं पाहिजे. मॅचची संख्या खेळ सुरू होण्याआधी ठरवावी. डाव रंगात आल्यावर केलेले करार वऱ्हाडात काय, कुठेच टिकत नाहीत.

किती वेळ योग्य, याचे आकडे उपलब्ध आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. यात टीव्हीही धरलेला आहे, हे कळल्यावर अनेक घरांत शांतता पसरते, कारण घास भरवताना लावलेली गाणीच तेवढी होतात. मोठ्या मुलांसाठी झोप, शाळा, जेवण आणि हिंडणंफिरणं आधी मोजावं, मग काय उरतं ते पाहावं. एवढे सगळे नियम जमत नसतील आणि एकच पाळायचा असेल, तर रात्रीचा पाळावा: मोबाइल चार्जिंगला आईबापाच्या खोलीत, आणि सोबत बापाचाही, पोराच्या डोळ्यांदेखत.

सरकारांनीही घड्याळ लावून पाहिलं आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन खेळ बंद केले. दहा वर्षांनी कायदा मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. तिथं मुलं मोठ्यांच्या ओळखीवर खेळतात असं दिसल्यावर टेन्सेंट कंपनी त्याआधीच रात्री खेळणाऱ्याचा चेहरा तपासू लागली होती. आपल्याकडे बीजीएमआय २ जुलै २०२१ ला आला, तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि पालकाच्या मोबाइलवर ओटीपी अशी अट होती. ओटीपी पालकाच्या नंबरवर जायचा. पालकाचा नंबर कोणता, हे पोरगं सांगायचं. आबाजींचं दुसरं सिम अशा वेळी पालकत्व निभावून नेतं.

पैशाची बाजू वेळेपेक्षा गंभीर आहे. खेळ फुकट असतो. कपडे, बंदुकीचा रंग आणि नाचायची पद्धत विकत असते. रुपये थेट घेतले जात नाहीत. आधी रुपयांचे यूसी किंवा डायमंड होतात, मग त्यांची पेटी उघडायची, आणि पेटीत काय निघेल ते नशीब. दोन वेळा नाणं बदललं की किती खर्च झाला हे डोक्यात राहत नाही, आणि पेटीचा भाग तर सरळ सोडतीसारखा चालतो. पन्नास रुपयांच्या गिला वड्यासाठी तासभर हट्ट धरणारं पोरगं पाचशेचं जाकीट एका बोटाने घेतं, ते यामुळेच. ते जाकीट घालून ते खेळात फिरतं. बाहेर त्याच्या अंगावर शाळेचाच गणवेश असतो.

बंदोबस्त साधा आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करता येतं, ते करावं. कार्ड आणि यूपीआय त्या फोनला जोडून ठेवू नये. ऑटोपे चालू आहे का ते अधूनमधून पाहावं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक-शिक्षकांसाठी सूचनापत्र काढलं, त्यातही हेच आहे: ॲपवर कार्ड नोंदवू नये, ओटीपीशिवाय पैसे जाऊ देऊ नयेत, एका व्यवहाराला मर्यादा घालावी. त्याच पत्रात खेळताना काही वावगं घडलं तर लगेच थांबून कीबोर्डवरच्या ‘प्रिंट स्क्रीन’ बटणाने पडद्याचा फोटो घ्यावा असंही सांगितलं आहे, आणि संगणक घरातल्या सगळ्यांच्या वावराच्या जागी ठेवावा असंही. पत्र दिल्लीत लिहिलं गेलं. काच तडकलेल्या फोनवर कूलरखाली पालथं पडून खेळणाऱ्या अकोल्याच्या पोराने कीबोर्ड शोधायचा कुठे, हे पत्र सांगत नाही. पण पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं तरी काम होतं. सल्ला मात्र खरा आहे. पुरावा ठेवावा, आणि खेळ बैठकीत व्हावा.

पैसे गेलेच, तर पहिल्या तासात काय होतं यावर पुढचं ठरतं. मुलाने चुकून खरेदी केली असेल, तर गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. कोणी फसवून काढले असतील, ‘फ्री डायमंड’ची लिंक, खातं विकत देतो म्हणून घेतलेली आगाऊ रक्कम, असं काही, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. आता व्यवहारात काय होतं? पोराला मार बसेल हे माहीत असतं. ते दोन दिवस गप्प राहतं, बँकेचा मेसेज डिलीट करतं, आणि तिसऱ्या दिवशी बाप बँकेत जातो. तोवर ४८ तास उलटलेले असतात. म्हणून मार नेमका कशासाठी द्यायचा हे आधी ठरवून घेतलेलं बरं. पैसे घालवल्याबद्दल दिला, तर पुढच्या वेळी ते उशिरा कळतं. सांगितलं म्हणून सोडून दिलं, तर लवकर कळतं. हिशोब एवढाच आहे, आणि बाजार समितीत रोज हिशोब करणाऱ्या माणसाला तो पटायला हरकत नसावी.

माइकची गोष्ट वेगळी. घरात ‘मले’, ‘तुले’ बोलणारं पोरगं माइक लावला की हिंदीत शिरतं. “पीछे बंदा है, पीछे बंदा है” असं रात्री दहाला ओरडू लागलं की आजी दाराची कडी तपासते. सोबतचे तिघे कधी वर्गातले असतात, कधी कोण कुठले ‘भैया’. बहुतेक भैया नुसतेच खेळणारे. एखादा मात्र हळूहळू नाव, शाळा, गाव, फोटो विचारू लागतो, डायमंड भेट देतो, मग बोलणं खेळाबाहेर दुसऱ्या ॲपवर नेतो. तिथं घरच्यांचं लक्ष हवं. खेळातलं नाव खरं नसावं, फोटो नसावा, अनोळखी लोकांचं बोलणं सेटिंगमधून बंद ठेवता येतं ते ठेवावं. लहान मुलाने हेडफोन न लावता खेळावं. कान किटतात, पण कळतं. मुलाला एक वाक्य पक्कं शिकवावं: जो कोणी ‘घरी सांगू नको’ म्हणेल, त्याचीच गोष्ट घरी आधी सांगायची.

कोणता खेळ कोणत्या वयाचा, हे प्ले स्टोअरवर लिहिलेलंच असतं: ३+, ७+, १२+, १६+, १८+. ते आकडे वाचले जात नाहीत. अनेकांना ती चांदण्यांसारखी काहीतरी वाहवा वाटते. हिंसेवरून बाप फार चिडतो. हाच बाप २००५ च्या सुमारास राजकमल चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासाला दहा-पंधरा रुपये मोजून व्हाइस सिटीत गाड्या चोरत होता आणि रणगाड्याचा चीट कोड वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवत होता. त्या खेळावर १८ चा शिक्का होता आणि बाप अकरावीत होता. बीजीएमआयमध्ये निदान रक्त हिरवं ठेवलं आहे. गोळी लागली की पडद्यावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चटणीसारखं शिंतोडतं. त्याने हिंसा किती कमी झाली हे सांगणं कठीण. तरी आठ वर्षांच्या पोराला सोळाचा खेळ देऊ नये, एवढं त्या आकड्यांवरून घ्यायला काहीच अडचण नाही. आणि देण्याआधी पालकाने तो स्वतः एकदा खेळून पाहावा. विमानातून उतरल्यावर तो पहिल्याच मिनिटात मरतो. पोरासाठी तो सणाचा दिवस असतो. पण त्या एका मिनिटात बापाला झोन, माइक आणि दुकान, तिन्ही दिसतात.

बंदीवर विसंबून राहू नये. पबजी मोबाइल २ सप्टेंबर २०२० ला बंद झाला, फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ ला. बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानातून गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. प्रत्येक वेळी आयांनी देवाला हात जोडले. पण त्या बंद्या देशाची सुरक्षा आणि माहितीच्या प्रश्नावरून होत्या, दहावीच्या निकालावरून नव्हत्या. आणि फ्री फायर गेल्यावर फ्री फायर मॅक्स तसाच राहिला. पोट्टे एका दुपारीत स्थलांतरित झाले. मेळघाटात चिखलदऱ्याच्या पलीकडे काही गावांत नेटवर्कच नाही, तेवढीच काय ती टिकाऊ बंदी, आणि तिथले लोक तिच्याविरुद्ध अर्ज करत असतात.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद झाले. यात मुलांपेक्षा मोठ्यांचे खेळ जास्त गेले: रमी, तीनपत्ती आणि क्रिकेटची टीम लावणं. ड्रीम इलेव्हनचं नाव भारतीय संघाच्या जर्सीवरूनही उतरलं. कायद्याच्या महिनाभर आधी राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेत बसून मोबाइलवर पत्ते पाहतानाचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, सभागृहाचं कामकाज पाहायला यूट्यूब उघडत होतो, मध्येच आलेला खेळ घालवत होतो, असं त्यांनी सांगितलं. जुलै सरता सरता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. घटनेचा खरा उपयोग वऱ्हाडातल्या पोरांना झाला. ‘आपोआप उघडलं’ या उत्तराला त्यामुळे जे वजन आलं, ते आता कोणत्याही बापाला सहज झटकता येत नाही. घरातला नियम मोठ्यांनाही लागू असेल तरच चालतो, हे पोरं न शिकवता ओळखतात. जेवताना बाप शेअर बाजार पाहत असेल आणि आई मालिका, तर पोराचा झोन तेवढाच कसा वाईट?

रुसणं, आदळआपट, एखाद्या परीक्षेत घसरणं, याला आजार म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ आपल्या आजारांच्या यादीत घेतला, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्या खुणा नेमक्या आहेत: खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो वाढत जाणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. शाळा सुटली, झोप उलटली, मित्र तुटले, पोरगं खोलीतून निघेना झालं, तर रागवून मोबाइल फोडण्यात अर्थ नाही. एका झटक्यात सगळं काढून घेतल्यावर मूल भलतंसलतं बोलू लागलं, जिवाचं बरंवाईट करीन म्हणालं, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटं सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मुलांसाठी १०९८ आहे. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ आता अमरावती-अकोल्यात सहज मिळतो. त्याच्याकडे जाताना शेजाऱ्यांना ‘डोळे तपासायला चाललो’ असं सांगायची पद्धत आहे. तीही चालेल.

हे सगळं बसवून झाल्यावर नववीतलं पोरगं शेवटचं अस्त्र काढतं: “मले प्रो प्लेअर व्हाचं हाय.” इथं ‘गेम खेळून कोणाचं भलं झालं’ हे वाक्य अमरावतीच्या माणसाने जपून वापरावं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच गावचं, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथं कबड्डी, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले ते याच गावातून जाऊन. त्या कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ व्हायला १९९० उजाडलं. चोपन्न वर्षं. ई-स्पोर्ट्स २०१८ मध्ये त्याच स्पर्धेत नुसते दाखवण्यापुरते होते, आणि २०२३ मध्ये हांगझोला पदकाचे झाले. पाच वर्षं. २०२५ च्या कायद्यानेही पैशाचे खेळ बंद करताना ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. पोराला हे सगळं ठाऊक असतं, कारण या एका विषयाचा त्याने अभ्यास केलेला असतो.

तेव्हा वाद घालण्यापेक्षा विचारावं. सध्या रँक काय, आणि ती देशात कितवी? कोणती स्पर्धा, तिला किमान वय काय? संघात कोण कोण, सराव किती वाजता, आणि तो साडेआठच्या जेवणात बसतो का? फोन हँग होतो तो कोण बदलणार, कोणत्या पैशाने? मल्लखांबाचं पोरगंही पहाटे उठून खांबाला तेल लावतं. या खेळातलं पोरगं किती वाजता उठतं? पोराने यांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून आणली, तर त्याचं नीट ऐकून घ्यावं. नाही आणली, तर शनिवारी-रविवारी ठरलेल्या मॅच, बैठकीत, हेडफोनशिवाय, आणि बाकीच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर ऊन उतरलं की खाली ग्राऊंडवर.